चार म्हणजे चार

पहाटेचे तीन पन्नास. धक्क्याला बदकांच्या शिकारीला निघालेल्या बेचाळीस होड्या लागल्या होत्या. एकेचाळिसांना इंजिन होतं, बेचाळिसावीला अर्डिथ प्रुइट होती.

वय एकाहत्तर. होडी बारा फुटी, पत्र्याची, सपाट बुडाची, तीन ठिकाणी ठिगळं मारलेली. मांडीवर बंदूक, बंदुकीवर जाड पांघरूण, पायाशी बापाचा रॉकेलचा कंदील. वल्हं एकच. शेजारच्या होडीत कोल्बी रस्क आणि त्याचे तीन दोस्त टेकले होते. कोल्बी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि तोंड आवरायचं त्याला कधीच जमलं नाही.

"मिस अर्डिथ, वल्ह्यात तेल घातलंत का?"

"घातलं की. तुझ्या डोक्यात घालायला उरलं नाही, एवढंच."

होड्या हसल्या. कोल्बीही हसला. शाळेच्या खानावळीत या बाईनं त्याला आठ वर्षं जेवण वाढलं होतं, त्यामुळे तिचं बोलणं त्याला लागत नसे.

धक्क्यावर एक पाटी होती: पहाटे चारच्या आधी कुठलीही होडी सुटणार नाही. खाली वन्यजीव खात्याची मोहोर. पण सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं की ही पाटी खात्याची नाही, अर्डिथची आहे. पोरं नियमाला 'अर्डिथचे चार' म्हणायची. काही प्रेमानं, काही दात खाऊन.

चारला रक्षक रेनी गॉसनं विजेरी तीनदा हलवली आणि एकेचाळीस इंजिनं एकदम बोंबलली. पाणी उसळलं, अर्डिथची होडी पाळण्यासारखी डुलली, पेट्रोलचा वास नाकात भरला, आणि सगळ्यांचे दिवे पाण्यात उभ्या असलेल्या ओकच्या रानात घुसून दिसेनासे झाले. लाटा शांत होईस्तोवर ती तशीच थांबली. मग वल्हं पाण्यात घातलं.

तिला जायचं होतं घंगाळावर. रानाच्या पोटात झाडांमधली गोल मोकळी जागा, अंगणाएवढी. कुठल्याशा जुन्या पुरात कुणाचं तरी कपडे धुवायचं घंगाळ तिथल्या झाडाच्या बेचक्यात अडकलं, म्हणून ते नाव. हिरव्या डोक्याची बदकं तिथं अशी उतरायची की जणू वरून कुणी मूठमूठ ओततंय. इंजिनवाला दहा मिनिटांत पोचतो. तिला तासभर लागतो. ती पोचायची तेव्हा घंगाळ भरलेलं असायचं, आणि ती मागे कुठंतरी झुडपाच्या आडोशाला होडी लावून दुसऱ्यांच्या बंदुकांचे आवाज ऐकत बसायची. अशी दहा वर्षं झाली.

इंजिन का लावत नाही, असं विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याकडे ती अशी बघायची की तो पुढच्या प्रश्नाला दुसऱ्या गावात जाई.

हा हंगाम मात्र शेवटचा होता. खुब्याचं हाड झिजलं होतं. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया, आणि डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "नंतर होडी नाही. होडीजवळही नाही." म्हणजे जानेवारी संपायच्या आत एकदा, फक्त एकदा, उजाडताना घंगाळावर बसायचं. अर्डिथला आयुष्याकडून आणखी काही नको होतं. पण तिच्या आणि घंगाळाच्या मध्ये तिचीच पाटी उभी होती.

*

पाटी नव्हती तेव्हाचं रान तिला आठवायचं. ती आठ वर्षांची आणि भाऊ कॉय अकरा. बाप हॉलिस प्रुइट भाताच्या गिरणीत पोती उचलायचा आणि शनिवारी पहाटे दोघांना पांघरुणात गुंडाळून होडीत घालायचा. तेव्हा वेळेचा नियम नव्हता, पण रीत होती. जो आधी पोचेल त्यानं आपला कंदील झाडाला टांगायचा. घंगाळावरच्या मोठ्या ओकला त्यासाठी खिळाच मारलेला होता. मागून येणाऱ्याला लांबून उजेड दिसला की तो बदकांना बोलवायची शिट्टी दोनदा वाजवायचा, म्हणजे 'पाहिला बाबा तुझा दिवा, चाललो पुढं.' आतल्यानं एकदा वाजवायची, म्हणजे 'देव भलं करो.' झालं. भांडण नाही, पाटी नाही, रक्षक नाही. अख्खं रान सरकारी, म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं असून कुणी कुणाच्या जागेत पाय टाकत नसे.

हॉलिस लवकर उठणारा. घंगाळावर बहुतेकदा त्याचाच कंदील. मुलं कंदिलाखाली बसून डब्यातली मक्याची पाव-भाकरी आणि डुकराची वडी खायची. कॉय दोन शिट्ट्यांना एकीनं उत्तर द्यायला शिकला तेव्हा अर्डिथ आठवडाभर रुसली, कारण तिला शिट्टी फुंकताच येत नव्हती, नुसती थुंकी उडायची. बाप म्हणाला, "अर्डी, बदकाला हाक मारायची असते, शिव्या नाही." उजाडायच्या आधी तो पाण्यात पाय हलवून लाटा काढायचा, म्हणजे वरच्या बदकांना वाटावं, खाली आपलीच माणसं पोहतायत. मग पानांमधून पंखांचा आवाज यायचा, चादर झटकावी तसा. तो आवाज ज्यानं पोरवयात ऐकला, तो मरेस्तोवर पहाटे तीनला जागा होतो. हे अर्डिथचं म्हणणं, आणि तिच्या म्हणण्याला वाद नाही.

मग इंजिनं आली. आधी लहान, मग मोठी, मग अशी की होडी कमी आणि इंजिनच जास्त. लांबलांबच्या शहरांतून माणसं यायला लागली. चारला कोण पोचतो म्हणून तीनला, तीनला कोण म्हणून दोनला. काही तर आदल्या संध्याकाळी जाऊन होडीतच झोपायचे. कंदील टांगला तर कुणी बघेना, शिट्टी वाजवली तर कुणी ऐकेना. आणि एकदा, पहाटे सव्वादोनला, दिवा न लावता सुसाट आलेली एक होडी कॉयच्या होडीवर चढली. उजवा हात मनगटापासून गेला. आलेला माणूस थांबलासुद्धा नाही.

इस्पितळात कॉय म्हणाला, "हात गेल्याचं नाही गं, अर्डी. तो थांबला नाही ना, ते जात नाही डोक्यातून."

अर्डिथ तेव्हा चाळिशीची. शिक्षण आठवी, नोकरी शाळेच्या खानावळीत. त्या रात्री तिनं दोन गोष्टी ठरवल्या. आपल्या होडीला इंजिन लागणार नाही, ही एक. आणि दुसरी, या लोकांना वेसण घालायची. खानावळीच्या जुन्या जेवणपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर तिनं अर्ज लिहिला. पेट्रोलपंप, चर्च, गिरणीचं फाटक, सगळीकडे उभी राहिली. चारशे बारा सह्या. "बाई, हे बायकांचं काम नाही," असं एक जण म्हणाला, तर त्याचीच सही पहिल्या पानावर घेऊन परतली. राजधानीत सुनावणी झाली. कोटवाल्या आयुक्तांपुढे ती घरी शिवलेल्या झग्यात उभी राहिली. बड्या शिकारी क्लबांच्या वकिलानं गोड आवाजात सुचवलं की नियम करा, पण गिऱ्हाईक घेऊन जाणाऱ्या वाटाड्यांना अर्धा तास आधी सोडा. अर्डिथनं टेबलावर हात आपटला.

"चार म्हणजे चार! इंजिनवाला असो, बिनइंजिनवाला असो, राज्यपाल असो. एक फट ठेवली की तिच्यातून हत्ती जातो."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. टर्ली वूटन, वय चौऱ्याहत्तर, नदीकाठी एकटा राहायचा, हॉलिसच्या वेळचा माणूस. टोपी हातात धरून म्हणाला, "अर्डिथबाई, मी वल्हवतो. मला दोन तास लागतात. मी आजवर कुणाला धडकलो नाही. मला दोनला जाऊ द्याल का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. वकील तर मिशीत हसत होता, म्हणत असणार, घे, ही फट तुझ्याच माणसानं मागितली. अर्डिथचा पारा चढला.

"नाही, मिस्टर वूटन. तुम्हाला दिलं की शंभर जण वल्हं दाखवून उभे राहतील. सगळ्यांना सारखं."

टर्लीनं मान हलवली, टोपी घातली आणि निघून गेला. नियम झाला. टर्ली वूटन त्यानंतर रानात दिसला नाही. चार वर्षांनी गेला. होडी अंगणात उलटी ठेवलेली, तिच्यावर शेवाळ चढलेलं. अर्डिथनं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि कुणाजवळ बोलली नव्हती.

तिच्या मनगटात जोर होता तोवर तिला काही वाटलं नाही. पाऊण तासात पोचायची, घंगाळ फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मग फोनमध्ये नकाशे आले आणि घंगाळाचा पत्ता चिल्ल्यापिल्ल्यांना कळला. मनगटं म्हातारी झाली. आणि अर्डिथ प्रुइट स्वतःच्या डोळ्यांदेखत टर्ली वूटन झाली.

*

डिसेंबरात रेनी तिच्या ओट्यावर आला. रेनी गॉस पस्तिशीचा, सरळमार्गी, खात्याची हिरवी टोपी घरातही न काढणारा.

"मिस अर्डिथ, वाटाड्यांच्या संघटनेनं पुन्हा अर्ज केलाय. त्यांना तीनला सोडा म्हणतात. गुरुवारी सुनावणी, शाळेच्या खानावळीत."

"माझ्या खानावळीत? येते. तोंडं बघते एकेकाची."

"आणखी एक," रेनी चाचरत म्हणाला. "त्याच वेळी तुम्ही एक अर्ज टाका ना. वल्हेवाल्यांना तीनला सोडा म्हणून. या जिल्ह्यात तुम्हाला नाही कोण म्हणणार?"

"मी म्हणेन. म्हटलंय एकदा."

रेनीला समजलं नाही. ती कप विसळायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

गुरुवारी खानावळ गच्च भरली. ज्या काउंटरमागे तिनं तेहेतीस वर्षं ग्रेव्ही ढवळली, त्याच्याचपुढे टेबल लावून तीन आयुक्त बसले होते. संघटनेकडून बूथ हॅलॉक बोलला. चकचकीत बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची खोड. वाटाड्यांची पोटं, गिऱ्हाइकांची झोप, रानाचं भलं, सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मग अर्डिथ उठली, काठी टेकत. सगळ्यांना वाटलं, आता 'चार म्हणजे चार' ऐकायचं. कोल्बीनं तर तिच्या आधीच ओठ हलवले.

"हॅलॉकला तीन द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "इंजिनवाल्याला एक तास आधी दिला तर तो दहा मिनिटांत पोचून पन्नास मिनिटं झोपा काढेल. ते झालं. आता माझं." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "एकतीस वर्षांपूर्वी टर्ली वूटननं माझ्याकडे जास्तीचा वेळ मागितला. वल्हवत होता बिचारा. मी नाही म्हटलं. मोठ्यांच्या तोंडावर दार लावायच्या घाईत मी त्या म्हाताऱ्याची बोटं दारात चिरडली. सगळ्यांना सारखी वेळ म्हणजे सगळ्यांना सारखा न्याय, असं वाटलं मला. आठवी शिकलेली बाई, पण एवढं कळायला हवं होतं. ज्याच्या होडीला इंजिन नाही, त्याला तीनला सोडा."

बूथ हॅलॉक बसल्या जागेवरूनच बोलला, "म्हणजे मिस अर्डिथ, आता तुमचं स्वतःचं अडलं, तेव्हा सवलत आठवली होय?"

दोन-चार जण हसले. रेनीनं मान खाली घातली. कोल्बी उठायला लागला, तर अर्डिथनं त्याला काठीनंच खाली बसवला.

"बरोबर बोललास, बूथ. माझं अडल्याशिवाय मला कळलं नाही. तुझं तर अडूनही कळणार नाही, पण ते असो. साहेब, लिहून घ्या. हा नियम पुढच्या हंगामापासून करा. या हंगामात नको. पुढच्या हंगामात मी पाण्यात नसेन. मग कुणी म्हणायला नको की बाईनं स्वतःसाठी मागितलं."

आयुक्तांनी आपापसात मुंड्या जुळवल्या. वाटाड्यांचा अर्ज फेटाळला. वल्हेवाल्यांना तीन, पुढच्या हंगामापासून.

बाहेर आल्यावर कोल्बी म्हणाला, "पुढच्या कशाला म्हणालात? याच म्हणायचं ना! तेवढाच मान मोठा करायचा होता तुमचा?"

"मान मोठाच आहे रे माझा. म्हणून तर दुखतो."

*

जानेवारीचा शेवटचा दिवस. हंगामाचाही. पावणेतीनला ती धक्क्यावर आली तेव्हा रेनी एकटाच होता. थंडी अशी की बोलताना शब्दांचा धूर होत होता. त्यानं तिची होडी गाडीवरून उतरवली, पाण्यात ढकलली आणि घसा खाकरला.

"मी आता गाडीत बसून कॉफी पिणार आहे. पाठ धक्क्याकडे. तासभर मला काही दिसायचं नाही, काही ऐकू यायचं नाही."

"रेनी गॉस!"

"कागदावर नियम झालाय, मॅम. फक्त तारीख यायचीय. आज गेलात तर कुणाचं काय जातंय?"

घंगाळ तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. आता निघाली तर चारच्या आत तिथं. खिळ्याला कंदील. वर तारे, मग ते पंख. मन इतकं ओढ घेत होतं की हात आपोआप वल्ह्यावर गेला. कुणी नव्हतं बघायला.

"तारीख यायचीय ना," ती म्हणाली. "मग यायचीय. टर्लीसाठी पाठ फिरवायला त्या वेळी कुणी रक्षक नव्हता." आणि वल्हं आडवं ठेवलं. "कॉफी इकडे आण. मीही पिते."

तासभर दोघं धक्क्यावर कॉफी पीत बसले. हळूहळू गाड्या आल्या, होड्या उतरल्या, कुत्री भुंकली. आज तिची कुणी थट्टा केली नाही. चारला विजेरी तीनदा हलली, इंजिनं गेली, लाटा आल्या आणि गेल्या. मग ती निघाली.

कडेच्या पाण्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरला होता. होडी पुढं सरकली की तो किणकिणत फुटायचा. खुब्यातून कळ निघायची, ती वल्ह्याच्या प्रत्येक फेऱ्याला मोजायची. या वळणावर कॉय एकदा पाण्यात पडला होता. या खोडाशी बाप थांबून तंबाखू भरायचा. इथं, अगदी इथं, तिला पहिल्यांदा शिट्टी जमली होती आणि तिघंही दचकले होते. ती घाई करत नव्हती. पोचायचं कुठं आहे हे ठाऊक होतं आणि तिथं कुणीतरी असणार, हेही ठाऊक होतं.

घंगाळावर कपाळाला लावलेले चार पांढरे दिवे हलत होते. चौघं कमरेइतक्या पाण्यात, झाडांना टेकून. दिवे एकदम तिच्याकडे वळले.

"कोण आहे? जागा भरलीय!" आणि मग दुसऱ्याच सुरात, "अरे, मिस अर्डिथ!"

कोल्बी होता. पाणी कापत तो होडीपाशी आला. "या, या. इथंच बसा. आम्ही सरकतो. तिकडे मागे जातो वाटल्यास. खरंच."

"आधी कोण आलं?"

"आम्ही. पण..."

"मग जागा तुमची. दिवा कुठाय तुमचा?"

कोल्बीनं कपाळाला हात लावला.

"तो नव्हे रे, शहाण्या. तो तू मान वळवलीस की जातो. मागून येणाऱ्याला कळायचं कसं?" तिनं मोठ्या ओकच्या खोडावरून हात फिरवला. खिळा होता. सालीनं अर्धा गिळलेला, पण होता. तिनं काडी ओढली, वात पेटवली, काच बसवली आणि बापाचा कंदील खिळ्याला टांगला. पिवळा उजेड पाण्यावर पसरला. पोरांनी कपाळावरचे दिवे आपणहून बंद केले.

"दुपारी जाताना काढून आण. काच फोडलीस तर तुझ्या आईला सांगेन."

"मिस अर्डिथ, बसा ना," कोल्बी म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुमचा शेवटचा दिवस आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि होडी वळवली.

साठ-सत्तर हात गेली असेल. झाडांची रांग आड आली तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं, आणि वल्हं हातातच राहिलं. खोडांमधून उजेड दिसत होता. लांब, पिवळा, पाण्यात लांबलेला. जन्मभर तिनं घंगाळावरचा दिवा आतून पाहिला होता, त्याच्याखाली बसून, खात, हसत. बाहेरून कसा दिसतो ते तिला ठाऊकच नव्हतं. वाट चुकलेल्याला घर दिसावं तसा दिसत होता. उशिरा येणारी सगळी माणसं एवढं पाहून पुढं जायची, आणि तरी कुणी रागावून जात नसे. टर्ली वूटन कितीदा गेला असेल असा, हॉलिसच्या दिव्याकडे बघून.

तिनं गळ्यातली शिट्टी ओठाला लावली आणि दोनदा वाजवली.

मग पाण्यावरून कोल्बीचा आवाज आला, "मिस अर्डिथ! ते काय होतं?"

"एकदा वाजव!" ती ओरडली.

"काय?"

"एकदा! एकदाच वाजव, मूर्खा!"

जरा वेळ गेला. मग कंदिलाच्या बाजूनं शिट्टी वाजली. एकदाच, थोडी फाटकी, थुंकी उडालेली. अर्डिथनं वल्हं पाण्यात घातलं आणि पुढं निघाली.